खेळाचा संगणक आणि घरची पुंजी

एकत्र कुटुंबांत दागिना घडवावयाचा झाला म्हणजे सोनें आधीं आपण विकत घ्यावें, तें आपल्यासमक्ष तोलून घ्यावें आणि मग सोनारापुढें बसून घडणावळ ठरवावी, अशी जुन्या पिढीची रीत होती. तयार दागिना घेणाराचा वेळ वांचतो, पण आंत काय आहे हें त्याला दुकानदाराच्या शब्दावर मानावें लागतें. संगणकाच्या खरेदींतहि हाच भेद आहे. तो तयार उचलून आणतां येतो, किंवा त्याचे सुटे भाग एकेक पारखून जोडवितां येतात. बाजारांत या दुसऱ्या प्रकाराला ‘असेंबल्ड’ संगणक म्हणतात.

गेल्या महिन्यांत या सदराकडे एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्यांचा मुलगा यंदा बारावी झाला. मुंजींतला आहेर, आजीनें वेळोवेळीं हातावर ठेवलेले पैसे आणि लहान मुलांच्या शिकवण्यांची दोन वर्षांची मिळकत मिळून त्याच्याजवळ थोडी पुंजी जमली आहे. तींतून खेळ खेळतां येतील असा संगणक स्वतः भाग निवडून उभारावा, असा त्याचा आग्रह आहे. थोरले दीर म्हणतात, खेळापायीं एवढा पैसा घालणें हा शुद्ध अविचार. घ्यावयाचाच तर तयार घ्यावा, हप्ते आम्ही भरूं. आजी म्हणतात, पैसा त्याचा आहे, त्याला करूं द्या. यावरून काका-पुतण्यांत अबोला धरला गेला आहे. “आम्हां बायकांना त्यांतलें कांहीं कळत नाहीं. होकार द्यावा कीं नकार?” असें त्या विचारतात. हा प्रश्न एकाच घरचा नाहीं, म्हणून उत्तर सविस्तर देतों.

प्रथम एक शंका दूर करावी. खेळ म्हणजे जुगार नव्हे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेनें २०२५ च्या ऑगस्टांत संमत केला; ज्यांत पैसा लावला जात नाहीं असे खेळ निराळे. शिवाय खेळास समर्थ असलेला संगणक अभ्यासास, चित्रें व चलच्चित्रें सिद्ध करण्यास आणि प्रोग्रॅमिंग शिकण्यासहि समर्थच असतो. वेळाचें बंधन घालणें हा वडिलांचा अधिकार आहे. परंतु त्यासाठीं यंत्रालाच दोष देण्याचें कारण नाहीं. हप्त्यांविषयीं म्हणाल, तर संगणकाची किंमत वर्षागणिक उतरत जाते. उतरत्या किंमतीच्या वस्तूवर व्याज भरण्यापेक्षां हातांत असलेल्या रकमेंत बसेल तेवढेंच घ्यावें, या बाबतींत मुलाचें म्हणणें बरोबर आहे.

आतां निवडीकडे वळूं. आमचे जुने ग्रंथकार ग्रंथारंभीं विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगून टाकीत. संगणकाची यादी करितांना हीच चौकट उपयोगी पडते. मात्र येथें प्रयोजन आधीं घ्यावें.

प्रयोजन म्हणजे कोणते खेळ आणि कोणता मॉनिटर. ‘व्हॅलोरंट’ सारखा २०२० सालचा खेळ साध्या यंत्रावरहि उत्तम चालतो. त्याच वर्षीं निघालेला ‘सायबरपंक २०७७’ मात्र भल्याभल्या यंत्रांना घाम फोडतो. मॉनिटरचेंहि तसेंच. १९२० × १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके रंगवावे लागतात. २५६० × १४४० च्या पडद्यावर ३६,८६,४००, म्हणजे काम पावणेदोनपटींहून किंचित अधिक. ६० हर्ट्‌झचा पडदा सेकंदास ६० चित्रें दाखवितो, १४४ हर्ट्‌झचा १४४. भारी पडदा घेऊन त्याला पुरेशीं चित्रें पुरवूं न शकणारें यंत्र जोडणें, किंवा भारी यंत्र घेऊन जुना ६० हर्ट्‌झचा पडदा ठेवणें, दोन्ही नाकापेक्षां मोतीं जड होण्याचेच प्रकार. पहिल्या संगणकाला १९२० × १०८० चा पडदा पुष्कळ झाला.

विषय म्हणजे घटक. खेळाच्या यंत्रांत मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. चित्र रंगविण्याचें काम तें करितें. प्रोसेसर हा कारभारी. खेळांतील हिशेब तो ठेवतो. मदरबोर्ड हें सर्वांस जोडणारें घर. रॅम म्हणजे काम करावयाचें मेज, आणि एसएसडी म्हणजे कोठार. पॉवर सप्लाय, ज्याला आपल्या बाजारांत एसएमपीएस म्हणतात, तो सर्वांस वीज वाटतो. आणि कॅबिनेट म्हणजे वरची पेटी. मॉनिटर व विंडोज यांचा खर्च बाजूस ठेवून उरलेल्या शंभर रुपयांची वांटणी स्थूलमानानें अशी करावी : ग्राफिक्स कार्डास ३६, प्रोसेसरास १७, रॅमला १५, मदरबोर्डास १२, एसएसडीस ८, एसएमपीएसला ७ आणि कॅबिनेटास ५. रुपयांचे नक्की आंकडे येथें मुद्दाम देत नाहीं, कारण भाव फार हलतात. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धीच्या मोठमोठ्या केंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव एकाएकीं चढले आणि पुष्कळांची आधीं केलेली अंदाजपत्रकें कोलमडलीं. म्हणून भाव खरेदीच्या आठवड्यांतले घ्यावे. वर्षापूर्वीं कोणी काय दिलें, याचा उपयोग नाहीं.

प्रोसेसर सहा कोअरचा असावा. एएमडीचा रायझन ५ ५६०० हा २०२२ सालचा प्रोसेसर आणि इंटेलचा कोअर आय५ १२४००एफ, दोन्ही सहा कोअर व बारा थ्रेडचे, बेताच्या रकमेंत पुष्कळांनीं वापरलेले आहेत. येथें अक्षरांकडे लक्ष असावें. इंटेलच्या नांवापुढें ‘एफ’ असेल तर त्यांत चित्र दाखविण्याची अंगची सोय नसते. ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील. रायझन ५ ५६०० चेंहि तेंच. उलट ५६००जी या भावंडांत ती सोय आहे. रक्कम फारच अपुरी असेल तर आधीं ‘जी’ प्रकारचा प्रोसेसर घेऊन हलके खेळ खेळावे आणि कार्ड पुढल्या वर्षीं घ्यावें. हा मार्ग संथ खरा, पण कर्जाशिवायचा आहे.

ग्राफिक्स कार्डांत नांवावर जाऊं नये. एकाच नांवाखालीं दोन वस्तु विकल्या जातात. आरटीएक्स ३०५० हें २०२२ सालीं ८ जीबीचें आलें, त्यांत २,५६० कोअर होते. २०२४ सालीं त्याच नांवानें ६ जीबीचें निघालें, त्यांत २,३०४. दुकानदार दोहोंनाही ‘तीस-पन्नास’ म्हणतो आणि खोटें बोलत नाहीं! म्हणून पूर्ण नांव, मेमरी व वर्ष विचारावें. १०८० च्या पडद्यासाठीं ८ जीबींहून कमी मेमरीचें कार्ड आतां घेऊं नये. आरएक्स ६६०० (२०२१) आणि आरटीएक्स ४०६० (२०२३) हीं ८ जीबीचीं, तर इंटेलचें आर्क बी५८० (२०२४ ची अखेर) १२ जीबीचें. यांपैकीं ज्याचा भाव त्या आठवड्यांत रास्त असेल व ज्याला पूर्ण हमी मिळेल तें घ्यावें.

रॅम १६ जीबी असावी, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत. एकच पट्टी घातली तर प्रोसेसरापर्यंतचा रस्ता अर्धाच वापरला जातो. एसएसडी निदान ५०० जीबी, जमल्यास १ टीबी. कारण आजचा एकेक मोठा खेळ १०० जीबींहून अधिक जागा अडवितो.

तिसरी गोष्ट संबंध. प्रत्येक भाग आपल्या जागीं उत्तम असून एकमेकांशीं जुळला नाहीं तर सर्व व्यर्थ. रायझन ५ ५६०० एएम४ सॉकेटांत बसतो आणि त्याला डीडीआर४ रॅम लागते. २०२२ सालीं आलेल्या एएम५ सॉकेटांत डीडीआर५ च चालते. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटाचे मदरबोर्ड दोन्ही जातींचे मिळतात. पण एका बोर्डावर एकच जात बसते, आणि दोहोंच्या खांचा वेगळ्या असल्यानें जोर लावूनहि दुसरी बसणार नाहीं. जुना एएम४ बोर्ड घेतल्यास त्याचें बायोस नव्या प्रोसेसरास ओळखतें कीं नाहीं, हें दुकानांतच पाहून घ्यावें. कार्डाची लांबी कॅबिनेटांत मावते काय, हेंहि मोजावें. भविष्याचा विचार असेल तर एएम५ चा बोर्ड थोडा महाग पडला तरी त्यावर पुढें नवा प्रोसेसर घालतां येईल. एएम४ स्वस्त खरा, पण त्या वंशाची वाढ आतां संपत आली आहे.

आतां ज्या एका भागाविषयीं वडीलधाऱ्यांनीं स्वतः आग्रह धरावा तो एसएमपीएस. मुलांचें सर्व ध्यान कार्डाकडे व रंगीत दिव्यांकडे असतें. दुकानदार ‘कॅबिनेटाबरोबर फुकट’ म्हणून एक हलका डबा गळ्यांत बांधतो. त्यावर ५०० वॅट छापलेलें असतें. छापण्यास खर्च येत नाहीं. असा डबा बिघडतांना एकटा जात नाहीं, प्रसंगीं बोर्ड व कार्डहि बरोबर नेतो. हिशेब सोपा आहे : आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, रायझन ५ ५६०० ला भरांत सुमारें ७६, बाकीच्या भागांना ५० धरले तरी बेरीज २६० च्या आंत-बाहेर येते. तिला ५५० वॅटचा, ‘८० प्लस ब्रॉन्झ’ शिक्का असलेला, लौकिकवान कंपनीचा एसएमपीएस भरपूर झाला. ७५० च्या मागें लागून पैसा दवडूं नये, आणि फुकटाच्या नादानें वीस पट किंमतीची वस्तु धोक्यांत घालूं नये.

त्याच अनुषंगानें, जुन्या वाड्यांतून राहणाऱ्यांनीं घरचें अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावें. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या खटाटोपानें बसविणें सर्वथा वर्ज्य. वीज वारंवार जात असेल तर यूपीएस घ्यावा. पण ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत, पुष्कळदां ते ३६० च असतात. चालू खेळ पुरा करण्यासाठीं तो नसून, यंत्र नीट बंद करण्यापुरती उसंत मिळावी, एवढाच त्याचा हेतु.

चौथी गोष्ट अधिकारी, म्हणजे घेणाराची पात्रता. मुंबईंत लॅमिंग्टन रोड, ज्याचें आजचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही सुट्या भागांची जुनी पेठ आहे. तेथें किंवा आपल्या गांवीं, निदान तीन दुकानांत एकाच दिवशीं लेखी भाव घ्यावे. भावांत १८ टक्के जीएसटी धरला आहे काय हें विचारावें, आणि ‘बिलाशिवाय स्वस्त’ या मोहास बळी पडूं नये. बिल नाहीं तर हमी नाहीं. ऑनलाइन भावहि ताडून पहावा. जुनें कार्ड घ्यावयाचें असल्यास विशेष जपावें. कार्डांवर ईथर हें आभासी चलन खणण्याचा उद्योग १५ सप्टेंबर २०२२ रोजीं बंद पडला आणि अहोरात्र राबलेलीं कार्डें बाजारांत आलीं. असें कार्ड आपल्यादेखत अर्धा तास जड खेळ चालवून पहावें. ‘जीपीयू-झेड’ हा लहानसा प्रोग्रॅम चालवून कार्ड तेंच आहे कीं सोंग घेतलेलें आहे, हेंहि पहावें.

जोडणी मुलानें स्वतः केली तरी चालेल. एक दिवस सलग मोकळा असावा, मेज स्वच्छ असावें, आणि अंगांतली स्थिर वीज घालविण्यासाठीं मधूनमधून कॅबिनेटाच्या उघड्या धातूस हात लावावा. प्रोसेसर सॉकेटांत ठेवावा, दाबूं नये. यंत्र प्रथम चालू झाल्यावर बायोसमध्यें रॅमचा पूर्ण वेग, म्हणजे एक्सएमपी किंवा एक्सपो, चालू करावा. तो आपोआप होत नाहीं. पैसे दिलेला वेग कित्येकांच्या यंत्रांत वर्षानुवर्षें निजलेला असतो. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सर्वसाधारण दुरुस्त्या मिळणें बंद झालें, म्हणून विंडोज ११ चा खर्च धरावा. किंवा फुकटचें लिनक्स घ्यावें, मात्र कांहीं ऑनलाइन खेळ, व्हॅलोरंट त्यांपैकींच, त्यावर चालत नाहींत.

राहिला घरचा वाद. आमची सूचना अशी : मुलानें एका कागदावर आठ ओळी लिहाव्या. प्रत्येक ओळींत भागाचें पूर्ण नांव, तीन दुकानांचे भाव, आणि ‘हाच कां, याहून स्वस्त कां नको’ याचें एका वाक्यांत उत्तर. तो कागद त्यानें प्रथम काकांच्या हातीं द्यावा, कारण विरोध त्यांचा आहे. काकांनीं खेळाविषयीं न बोलतां त्या ओळींविषयींच प्रश्न विचारावे : एसएमपीएस कोणता, हमी किती वर्षांची, बिघडल्यास दुरुस्तीस कोठें न्यावयाचें, अंदाजाबाहेर खर्च गेला तर कोणती ओळ कमी करणार. ज्या मुलाला या प्रश्नांचीं उत्तरें देतां येतात त्याला आपला पैसा खर्चूं द्यावा. ज्याला येत नाहींत त्याला पंधरा दिवसांची मुदत द्यावी, नकार देऊं नये. पुंजींतली दहावा हिस्सा रक्कम मात्र शिल्लक ठेवावयास सांगावें. यंत्र घरीं आल्यावर बिलें, हमीपत्रें आणि मोकळे खोके माळ्यावर जपून ठेवावे. हमींत वस्तु परत पाठवितांना खोक्यावरचा क्रमांक हटकून लागतो, आणि रद्दीवाल्याकडे गेलेलें खोकें परत येत नाहीं.