प्रमाणपत्र भिंतीवर, रात्रपाळीत कोण?

रुग्णालयाला किंवा वृद्धसेवा केंद्राला आग लागली की पुढचा क्रम भारतात आता ठरून गेला आहे. मृतांचा आकडा, मदतनिधीची घोषणा, चौकशी समिती आणि मग राज्यभर ‘फायर ऑडिट’चे आदेश. या ऑडिटमध्ये अग्निशामक नळकांडी मोजली जातात, पाण्याची टाकी पाहिली जाते, वायरिंग तपासले जाते. रात्री दोन वाजता त्या मजल्यावर कोण हजर असते आणि आगीच्या वेळी काय करायचे हे त्या व्यक्तीला कुणी शिकवले आहे का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

वास्तविक तोच पहिला प्रश्न असायला हवा. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १० बालके दगावली. १ जानेवारी २०२३ रोजी दिल्लीच्या ग्रेटर कैलाश भागातील वृद्धसेवा केंद्रात पहाटे आग लागली, त्यात दोन वृद्ध महिलांचा मृत्यू झाला. एकीकडे नवजात अर्भके, दुसरीकडे थकलेले वृद्ध. दोघांनाही स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येत नाही. आणि दोन्हीकडे वेळ अशी, की त्या वेळी मनुष्यबळ सर्वांत कमी असते.

अशा वेळी खाटेजवळ असतात ते शुश्रूषा साहाय्यक. कुठे त्यांना आया म्हणतात, कुठे मावशी, कुठे वॉर्डबॉय, कुठे नुसतेच ‘अटेंडंट’. परिचारिकेला निदान अभ्यासक्रम, परिषद आणि नोंदणी असते. साहाय्यकांसाठी ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ असा अभ्यासक्रम आहे. पण तो न करताही असंख्य ठिकाणी काम मिळते. अनेकांची नेमणूक कंत्राटदारामार्फत होते, आणि मग प्रशिक्षण ही कुणाचीच जबाबदारी उरत नाही.

हे प्रशिक्षण म्हणजे उपचार नव्हे, हे आगीचे विज्ञानच सांगते. बंदिस्त इमारतीत ज्वाळेपेक्षा धूर अधिक बळी घेतो. भंडाऱ्यातील १० पैकी सात बालके गुदमरून गेली. कोलकात्याच्या ढाकुरिया येथील आमरी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी आग तळघरात लागली, परंतु वातानुकूलनाच्या मार्गांनी वर चढलेल्या धुराने वरच्या मजल्यांवरचे रुग्ण झोपेतच गाठले. सुमारे ९० जणांचा बळी गेला. रुग्णांना बाहेर काढता काढता केरळच्या दोन तरुण परिचारिकाही त्यात मृत्युमुखी पडल्या. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. फोमच्या गाद्या जळताना हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडतो. त्यात हवेतील प्राणवायूचे प्रमाण नेहमीच्या २१ टक्क्यांवरून थोडेसे वाढले, तरी चादरी, पडदे, केस कमालीच्या वेगाने पेट घेतात. आणि अनेक खाटांशी प्राणवायूची नळी जोडलेली असतेच.

अग्निशमन दल कितीही तत्पर असले, तरी पहिल्या काही मिनिटांत ते दारात उभे राहू शकत नाही. त्या मिनिटांत उपयोगी पडणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. जवळच्या रुग्णाला आधी बाजूला घेणे, धोक्याची घंटा वाजवणे, खोलीचे दार बंद करून धूर कोंडणे, प्राणवायूची झडप कुठे आहे आणि ती कुणाच्या सांगण्यावरून बंद करायची हे ठाऊक असणे. विजेच्या यंत्राला लागलेल्या आगीवर पाणी न मारणे. रुग्णाला जिन्यावरून खाली नेण्याची घाई न करता, त्याच मजल्यावरील अग्निरोधक दारापलीकडच्या सुरक्षित भागात हलवणे. उचलता न येणाऱ्या वृद्धाला चादरीसकट जमिनीवरून ओढत नेणे. शेवटची कृती तर प्रशिक्षित व्यक्ती बहुधा एकटीही करू शकते; अप्रशिक्षित व्यक्ती मात्र मदतीची वाट पाहत उभी राहते.

नियमांचा तुटवडा नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ रुग्णालये आणि वृद्धाश्रम यांना एकाच ‘संस्थात्मक’ गटात ठेवते. पण राज्याने वा पालिकेने स्वीकारल्याखेरीज ती बंधनकारक ठरत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. हे प्रमाणपत्र यंत्रणा चालू स्थितीत असल्याची ग्वाही देते. ती यंत्रणा वापरणारे हात तयार आहेत की नाहीत, याविषयी त्यावरून काहीच कळत नाही.

‘ही माणसे टिकत नाहीत, शिकवून काय उपयोग?’ असा संस्थाचालकांचा युक्तिवाद असतो. माणसे टिकत नसतील तर प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवणे अधिक निकडीचे ठरते. शिवाय, दोष वाटताना हीच तळची माणसे बरोबर सापडतात. भंडाऱ्याच्या घटनेनंतर दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत ११ रुग्ण दगावल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यासह परिचारिकांना अटक झाली. त्यांचा दोष किती, हे न्यायालय ठरवील. पण ज्या व्यवस्थेला हजेरीपटावरची नावे गुन्हा नोंदवताना आठवतात, तिला ती प्रशिक्षणाच्या वेळी का आठवू नयेत?

म्हणून मागणी अगदी मर्यादित आहे. परवान्याच्या प्रत्येक नूतनीकरणासोबत रात्रपाळीतील प्रत्येक साहाय्यकाच्या प्रशिक्षणाची नोंद जोडलेली असावी, मग नेमणूक संस्थेची असो वा कंत्राटदाराची. वर्षातून किमान दोन सराव रात्री, प्रत्यक्ष उपलब्ध मनुष्यबळानिशी व्हावेत. एका व्यक्तीवर चालता न येणारे किती रुग्ण सोपवता येतील, याची मर्यादा लेखी असावी. आणि आईवडिलांना अशा केंद्रात ठेवणाऱ्यांनी खोलीतला दूरदर्शन संच आणि जेवणाची यादी पाहून झाल्यावर एवढे अवश्य विचारावे: रात्री इथे किती जण असतात, आणि त्यांनी मागचा सराव कधी केला? उत्तर देताना व्यवस्थापक भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवू लागला, तर तेच उत्तर समजावे.