दाजीपूरला गवा बघायला जाताय? मग तो तुमच्या दारात का येतोय, हेही समजून घ्या

सुट्टी जवळ आली की कोल्हापूरकरांच्या व्हॉट्सअॅपवर दोन प्रकारचे व्हिडिओ फिरतात. एक, दाजीपूरच्या जंगलातला रुबाबदार गवा. दुसरा, उसाच्या फडात नाहीतर वस्तीत शिरलेला गवा. पहिल्यावर हार्ट पडतात, दुसऱ्यावर 'वनविभाग झोपलाय का?' अशी कमेंट येते. पण या दोन व्हिडिओंचा एकमेकांशी संबंध आहे. तो नेमका काय?

दाजीपूर एवढं खास का?

राधानगरी तालुक्यातलं हे डोंगरमाथ्यावरचं छोटं गाव, कोल्हापूरपासून साधारण 80 किलोमीटरवर. पुढे फोंडा घाट उतरला की कोकण. संस्थानकाळात इथे कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं. 1958 मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. पुढे त्याचा विस्तार होऊन आजचं 351 चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य तयार झालं. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात महाराष्ट्रातली चारच ठिकाणं आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

आणि हो, गवा म्हणजे 'बायसन' नव्हे. बायसन अमेरिका आणि युरोपात असतात. आपला गवा गाई-बैलांच्या जवळचा. पायात पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा हा प्राणी, पूर्ण वाढलेला नर तर टनभर वजनाचा भरतो.

मग तो जंगल सोडून का येतो?

गवा गवतावर जगतो. सड्यांवरची आणि जंगलातली कुरणं रानमोडीसारख्या बाहेरून आलेल्या झुडपांनी व्यापली की चारा कमी होतो. उन्हाळ्यात पाणवठे आटतात. जंगलाबाहेर मात्र ऊस उभा असतो. खायला हिरवं, लपायला दाट आणि जवळच पाणी. गव्यासाठी ऊस म्हणजे दुसरं जंगलच.

डिसेंबर 2021 मध्ये गवे कोल्हापूर शहराच्या वेशीवर आले होते. जवळच्या भुयेवाडीत गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. त्याच्या वर्षभर आधी पुण्यात कोथरूडमध्ये शिरलेला गवा गर्दीच्या पाठलागाने दमला आणि पकडल्यानंतर मेला. एका ठिकाणी माणूस गेला, दुसऱ्या ठिकाणी जनावर. बिथरलेल्या गव्याभोवती गर्दी जमली की धोका दोघांनाही असतो.

गावकऱ्यांना काय वाटतं?

अभयारण्याभोवती 2020 मध्ये इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला. अशा झोनमध्ये खाणकामाला बंदी असते आणि अभयारण्याच्या हद्दीलगत नवीन व्यावसायिक हॉटेल-रिसॉर्ट बांधता येत नाहीत. शेती आणि स्थानिकांनी स्वतःसाठी बांधलेली घरं यावर मात्र सरसकट बंदी नसते. तरीही गावांत धास्ती असतेच. ज्याचं पीक रात्रीत तुडवलं जातं, भरपाईसाठी पंचनाम्याची वाट बघावी लागते आणि वर नियमही पाळावे लागतात, त्याला 'जागतिक वारसा' हा शब्द पोकळ वाटणारच.

पर्यटन कामाला येतं ते इथेच. मुक्काम गावातल्या घरी, जेवण स्थानिक महिलांच्या हातचं आणि सोबत गावातलाच गाइड असेल, तर जंगलाचा पैसा गावात राहतो. जंगल टिकवण्यात गावाचाही फायदा होतो. बाहेरून पार्सल आणून प्लास्टिक टाकून गेलात, तर गावाच्या वाट्याला फक्त कचरा येतो.

जाण्याआधी एवढं बघा

पावसाळ्यात अभयारण्यातली सफारी बंद असते, त्यामुळे वनविभागाकडे चौकशी करूनच निघा. जंगलात पायी जायचं तर परवानगी आणि गाइड हवाच. गवा दिसला तर गाडीतून उतरू नका, हॉर्न वाजवू नका. एकटा नर दिसला तर जास्त अंतर ठेवा. घाटरस्त्यावर रात्री गाडी हळू चालवा.

आणि गवा शेतात किंवा वस्तीत दिसला, तर आधी वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा. लोकेशनसकट व्हिडिओ लगेच व्हायरल केलात, तर वनविभागाच्या आधी गर्दी पोहोचेल.