दूरच्या डावाला तिसरा माणूस हवा

पट आणि फासे | आखन

आखन शहराच्या उत्तरेला लाउसबर्ग नावाची टेकडी आहे आणि तिच्यावर एक दगडी स्तंभ आहे. नेपोलियनच्या अमलात फ्रेंच नकाशातज्ज्ञ कर्नल त्रांशो ऱ्हाइनकाठच्या मुलखाची मोजणी करत होते, तेव्हा मोजणीचा एक बिंदू म्हणून 1807 मध्ये तो उभारला गेला. फ्रेंच गेल्यावर 1814 मध्ये लोकांनी तो पाडला. पुढच्याच वर्षी आखन प्रशियाकडे आलं आणि स्तंभ पुन्हा उभा राहिला. अर्धी राहिलेली मोजणी पुढे नेली कार्ल फोन म्युफ्लिंग या प्रशियन अधिकाऱ्याने.

नकाशात मुरलेले हेच म्युफ्लिंग 1824 मध्ये बर्लिनला प्रशियन जनरल स्टाफचे प्रमुख होते. राइसवित्स नावाचा तोफखान्यातला तरुण लेफ्टनंट त्यांच्यापुढे एक खेळ मांडायला आला. म्युफ्लिंग सुरुवातीला फारशा उत्साहाने बसले नव्हते, पण डाव रंगत गेला तसे तेही रंगले. शेवटी ते म्हणाले की हा खेळ नसून युद्धाचं शिक्षण आहे, आणि साऱ्या सैन्याला त्यांनी त्याची शिफारस केली. या खेळाला क्रीगश्पील म्हणतात. आज टेबलावर यंत्रमानवांच्या आणि अवकाशयानांच्या लढाया लावणाऱ्या सगळ्या खेळांचं कुळ त्याच्यापर्यंत जातं.

दूर बसून हे खेळ कसे खेळावेत याची चर्चा सध्या घरोघरच्या खेळगटांत चालते. त्या चर्चेत एक गोष्ट विसरली जाते. क्रीगश्पीलमध्ये दोन्ही बाजूंनी एका पटावर समोरासमोर बसायचं नसतंच. निळे एकीकडे, लाल दुसरीकडे. दोघेही आपले हुकूम लिहून पंचाकडे देत. एक पाळी म्हणजे युद्धातली दोन मिनिटं. नकाशा 1:8000 प्रमाणाचा. तोफेच्या माऱ्याचे तक्ते शार्नहोर्स्ट या प्रशियन सेनानीच्या प्रत्यक्ष गोळीबार चाचण्यांवरून बेतलेले, आणि नशिबाचा वाटा फाशांकडे. कोणाला काय दिसतं, कोणाचा निरोप कधी पोहोचतो, हे पंच ठरवणार. टेकडीपलीकडची शत्रूची पलटण खेळाडूच्या नकाशावर यायचीच नाही. म्हणजे अंतर ही या खेळातली अडचण नव्हती, तोच खेळ होता.

विज्ञानकथेतल्या वॉरगेमनी जोर धरला तो 1977 च्या सुमारास. स्टीव्ह जॅक्सनचा ‘ओगर’ त्या वर्षी आला. त्यात एकच अजस्र रणगाडा एका बाजूला आणि अख्खं सैन्य दुसऱ्या बाजूला. 1984 मध्ये शिकागोच्या फासा कंपनीने ‘बॅटलड्रॉइड्स’ हा यंत्रमानवांच्या लढाईचा खेळ काढला, पण नावावरून लुकासफिल्मने हरकत घेतल्यावर 1985 मध्ये तो ‘बॅटलटेक’ झाला. 1987 मध्ये इंग्लंडमध्ये रिक प्रीस्टलींचा ‘वॉरहॅमर 40,000’ आला. यातल्या बॅटलटेकचं जर्मनीशी नातं घट्ट आहे. फासाने 2001 मध्ये गाशा गुंडाळला, त्यानंतर या खेळाची नवी इंग्रजी पुस्तकं काढण्याचा परवाना ड्युसेलडॉर्फशेजारच्या एर्कराथमधल्या फॅनप्रो या प्रकाशनाकडे आला. अमेरिकन खेळ काही वर्षं जर्मन घरात वाढला.

दूरच्या डावासाठी वॉरहॅमर घ्यावा की बॅटलटेक? या सदराचं उत्तर निःसंदिग्ध आहे: बॅटलटेक. वॉरहॅमरमध्ये अंतर इंचपट्टीने मोजतात आणि समोरचा दिसतो का हे मॉडेलच्या उंचीवर वाकून बघतात. टेबलाशी असताना त्यात मजा आहे. कॅमेऱ्यावर मात्र ‘भिंतीमागून त्याचा खांदा दिसतोय’, ‘नाही दिसत’ यातच अर्धा तास जातो. बॅटलटेकचा पट षट्कोनी घरांचा. एका तुकड्यावर 15 बाय 17 घरं, आणि प्रत्येकावर 0101 पासून 1517 पर्यंत छापलेला आकडा. एक घर म्हणजे 30 मीटर, एक पाळी म्हणजे 10 सेकंद. बुद्धिबळाच्या सांगलीत वाढलेल्या वाचकाला यातलं मर्म लगेच कळेल. घराला नाव असलं की खेळी पोस्टकार्डावर मावते. ‘0809 वरून 0511, तोंड ईशान्येला’ एवढा मोबाइलवरचा निरोप पुरतो. दोघांचे पट हुबेहूब सारखे राहतात.

नियम किती नेमके आहेत ते एका गोळीवरून पाहू. हंचबॅक नावाच्या यंत्रमानवाच्या खांद्यावर मोठी तोफ असते. एका फटक्यात 20 गुणांचं नुकसान, आणि जवळ गोळे फक्त 10. समोरचा पाच घरांवर, विरळ झाडीत, नुकताच पाच घरं धावून आलेला. चालकाचं मूळ कसब 4. मध्यम पल्ल्याचे 2 वाढले, समोरच्याच्या धावण्याचे 2, झाडीचा 1. झाले 9. हंचबॅक जागेवर उभा राहिला तर दोन फाशांवर 9 किंवा जास्त हवेत. ती शक्यता 36 मध्ये 10. चालून गोळी झाडली तर 10 हवेत, शक्यता 36 मध्ये 6. धावत झाडली तर 11 हवेत, 36 मध्ये फक्त 3.

म्हणजे उभं राहणाऱ्याचा नेम धावणाऱ्याच्या तिप्पटीहून जास्त लागतो. पण उभा राहिलेला स्वतःही सोपं लक्ष्य होतो, कारण त्याच्या न हलण्याचा फायदा शत्रूलाही मिळतो. गोळीबार एकाच वेळी झाल्याचं धरतात, त्यामुळे या पाळीत पडणारा यंत्रमानवही आपली शेवटची गोळी झाडून जातो. शिवाय बहुतेक शस्त्रं तापतात. कण-तोफ एका वेळी 10 अंश उष्णता देते आणि यंत्राचा पारा चढला की ते जड पावलं टाकतं, नेम चुकवतं, शेवटी बंद पडतं. पुढाकाराच्या फाशांत हरलेल्याला आधी हलावं लागतं. जिंकणारा त्याची चाल बघून आपली चाल करतो. बॅटलटेकमध्ये उत्तम खेळणारे लोक तोफांपेक्षा या क्रमाकडे जास्त लक्ष देतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

एवढा सगळा हिशोब हाताने करायचा म्हटला की डाव लांबतो. म्हणून ‘मेगामेक’ हा मोफत प्रोग्रॅम बॅटलटेकवाल्यांच्या गळ्यातला ताईत झाला आहे. बेन मेझर यांनी तो सुरू केला आणि गेली वीसहून अधिक वर्षं हौशी लोक तो सांभाळत आले आहेत. दोन शहरांतली माणसं त्यात एकाच पटावर खेळतात. दृष्टिरेषा, उष्णता, फासे सारं यंत्र बघतं. 2020 च्या साथीत एसेनचा जगप्रसिद्ध खेळमेळासुद्धा पडद्यावर भरवावा लागला, तेव्हा ज्यांच्याकडे असं साधन आधीपासून होतं त्यांचा डाव एक दिवसही थांबला नाही.

टपालाच्या काळातली माणसं याहून कमी साधनांत खेळत होती. फासे कोणी टाकायचे हा त्यांचा मोठा प्रश्न. अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीच्या टपाल-खेळात त्याचं उत्तर वर्तमानपत्रात होतं: ठरलेल्या तारखेला ठरलेल्या शेअरच्या उलाढालीचा शेवटचा आकडा हाच फासा. तो आकडा दोघांनाही सारखाच दिसतो आणि कोणालाच वळवता येत नाही. 1976 मध्ये फ्लाइंग बफेलो कंपनीने ‘स्टारवेब’ आणला, त्यात 15 खेळाडू 255 ग्रहांसाठी पत्रांतून भांडत. त्यांचे हुकूम एका ठिकाणी जमत, निकाल प्रत्येकाला वेगळा जाई. शेजाऱ्याच्या ग्रहावर काय चाललंय ते कोणालाच पूर्ण ठाऊक नसे.

हाच धागा आज सुटतो आहे. दूर खेळणारे बहुतेक गट सारा पट दोघांनाही उघडा ठेवतात. मग कॅमेऱ्यातून टेबलाची नक्कल तेवढी होते, आणि नक्कल नेहमी मूळपेक्षा फिकी पडते. त्यापेक्षा दूर असण्याचा फायदा घ्यावा. मेगामेकमध्ये लपलेल्या हालचालींचा पर्याय आहे. जे आपल्या यंत्रमानवाला दिसत नाही ते पडद्यावरही दिसत नाही. तो सुरू केला की डावपेचच बदलतात. 20 टनांचा लोकस्ट उघड्या पटावर बिचारा असतो. चिलखत पातळ, एका चांगल्या फटक्यात खलास. झाकलेल्या पटावर मात्र 12 घरं धावणारा तोच सैन्याचे डोळे ठरतो. तो गमावला की 100 टनांचा अ‍ॅटलसही आंधळा होतो. अनुभवी खेळाडूंनी एकदा हा बदल चाखून बघावा.

तरीही यंत्र पंचाची जागा पूर्ण घेत नाही. मेगामेक फक्त पुस्तकातले प्रश्न सोडवतं. शरण आलेल्या यंत्रमानवाचं काय करायचं, निरोप अर्धवट पोहोचला तर सेनापतीने तो कसा वाचला, हे माणसाने ठरवायचं. प्रशियन सैन्यात हाच वाद पेटला होता. तक्त्यांनी डाव जखडला जातो अशी तक्रार वाढली आणि 1876 मध्ये फेर्दी दु व्हेर्नुआ यांनी तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारा क्रीगश्पील मांडला. या सदराला दोन्ही टोकं मान्य नाहीत. गोळी लागली का, हे आकड्यांनी ठरावं. त्यात पंचाने हात घालू नये, नाहीतर दोस्ती तुटते. काय दिसलं आणि काय कळलं, हे मात्र पंचाच्या हाती असावं.

आखनच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना हे विशेष सांगायचं आहे. उन्हाळ्यात इथे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा पुण्यात मध्यरात्र होते. हिवाळ्यात फरक साडेचार तासांवर जातो. एकाच वेळी बसून खेळायचा हट्ट धरला की दोन आठवड्यांत डाव बारगळतो. पंच असला तर तो प्रश्नच उरत नाही. आखनवाल्याने संध्याकाळी हुकूम पाठवावा, पुणेकराने सकाळी, आणि पंचाने दिवसातून एकदा दोघांना वेगवेगळा निकाल कळवावा. पंचाला दोन्ही बाजू दिसतात, त्यामुळे बघायला सगळ्यात रंजक जागा त्याचीच. एकाच माणसावर ती नेहमी लादू नये. दर डावाला पंच बदलावा.

मेगामेक मोफत आहे. बॅटलटेकचे सुरुवातीचे छोटे नियमही प्रकाशक मोफत उतरवून घेऊ देतो. पहिल्या डावात दोन्हीकडे दोन-दोन हलके यंत्रमानव आणि पटाचा एकच तुकडा पुरे. मराठीत या नियमांचं चार पानी सार कोणी लिहून काढलं तर नव्या मुलांची निम्मी अडचण दूर होईल. ज्यांना इंग्रजी आणि जर्मन दोन्ही पुस्तकं वाचता येतात, त्या आखनमधल्या वाचकांनी हे काम अंगावर घ्यावं.