कटऑफ बघून कॉलेज निवडणाऱ्या पालकांनो, जरा थांबा

सीईटीचा निकाल लागल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय: "भाऊ, एवढे पर्सेंटाइल आहेत, चांगलं कॉलेज कुठलं मिळेल?" आणि चांगलं म्हणजे काय, तर कटऑफ किती, रँकिंग किती, पॅकेज किती. पोरगं चार वर्षं तिथं कसं राहणार, हे कुणीच विचारत नाही.

आधी कटऑफचं घ्या. मागच्या वर्षी शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला, एवढंच त्यातून कळतं. सर वर्गावर येतात का, हे कळत नाही. रँकिंगचंही तेच. केंद्र सरकारच्या एनआयआरएफच्या याद्या २०१६ पासून निघताहेत. त्यात शिक्षक, संशोधन, निकाल, नोकऱ्या मोजतात. लोकांच्या मनातल्या प्रतिमेलाही गुण आहेत. होस्टेलवर रात्री अकरानंतर काय चालतं, याला मात्र गुण नाहीत.

आता काही जण म्हणतील, नावाला किंमत असते. असतेच! सीओईपी, व्हीजेटीआयच्या नावावर कंपन्या दारात येतात, कोण नाही म्हणतंय? पण मोठं नाव पोराला सांभाळत नाही. डॉ. पायल तडवी आपल्या जळगावची. मुंबईच्या नायरसारख्या नावाजलेल्या ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण घेत होती. मे २०१९ मध्ये तिनं जीव दिला. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळाचा गुन्हा दाखल झाला. आम्ही आधी तक्रार केली होती, कुणी ऐकलं नाही, असं तिच्या घरचे सांगतात. ऐकणारं माणूस तिथं आहे का, हे कुठल्या रँकिंगमध्ये बघणार?

आणि खरं सांगू? आपल्यातल्या बहुतेकांची निवड सीओईपी की दुसरं, अशी नसतेच. ती चार-पाच सारख्याच कॉलेजांत असते. तिथं अर्ध्या पर्सेंटाइलच्या फरकावर घरात भांडणं कशाला?

त्यापेक्षा एक दिवस काढा, एसटीनं जा. प्राचार्यांच्या केबिनमध्ये नको, कॅन्टीनमध्ये बसा. सेकंड इयरच्या पोरांना विचारा. खेड्यातल्या पोरानं मराठीत शंका विचारली तर वर्ग हसतो का? स्कॉलरशिपचे पैसे आले नाहीत म्हणून सगळ्यांसमोर उभं करतात का? रेक्टर होस्टेलवर राहतात की फक्त हजेरीला येतात? तक्रार समितीत कोण आहे, हे मुलींना माहीत आहे का?

यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनाही द्यावं लागतं. आपण न वाचता सही ठोकतो. त्याच नियमांत कॉलेजनं समिती आणि पथक नेमायचं लिहिलंय. ऑफिसात त्यांची नावं मागा. समोरचा चिडला, तर काय समजायचं ते समजा.

हे सगळं ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी करा. कॅपमध्ये पहिल्या नंबरचा पर्याय लागला की तो आपोआप फ्रीझ होतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून शेजाऱ्यांना सांगायला बरं वाटतं म्हणून कुठलंही नाव पहिल्या ओळीत टाकू नका.

ज्यांची पोरं सध्या शिकताहेत, त्यांनी कमेंटमध्ये कॉलेजचं वातावरण कसं आहे ते लिहा. पॅकेज नको, ते माहितीपत्रकात छापलेलं असतंच.