कोड्याचा विषय यंत्राला विचारू नका

शब्दकोडी संगणकावर तयार होतात याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सत्तरी ओलांडलेला मास्तर यंत्राविषयी लिहू लागला की वाचणारे रडगाणे ऐकायच्या तयारीनेच बसतात! माझे भांडण वेगळे आहे. हल्ली कोड्याचा विषयसुद्धा यंत्रालाच विचारतात.

विषयाचे कोडे म्हणजे ज्यातले चार-सहा मुख्य शब्द एका धाग्यात ओवलेले असतात ते. तो धागा सोडवणाऱ्याने हुडकायचा, त्यातच मजा. आपल्याकडे मात्र 'नद्या विशेष', 'क्रिकेट विशेष' असे मोठ्या टायपात वरच छापून मोकळे होतात. शोधयंत्रात 'भारतातील नद्या' टाकायचे, आलेली यादी चौकटीत भरायची, झाले कोडे! ही वर्गातली हजेरी झाली. यात कोडे कुठे आहे?

यंत्र खरोखर कुठे उपयोगी पडते ते पाहा. समजा ठरवले, की धाराशिव जिल्ह्यातली गावे इतर शब्दांच्या पोटात लपवायची. ही कल्पना माणसाची. ती सुचल्यावर हजारो शब्द चाळायला यंत्रासारखा गडी नाही. 'वाशी' म्हटले की 'उपवाशी' हाती येतो, 'तेर' म्हटले की 'तेरडा'. गोरोबाकाकांचे तेर तेरड्यात सापडल्यावर सोडवणारा हसणारच.

पण 'भूम' विचारा. यंत्र 'भूमध्य' देईल आणि 'भूमिती'ही देईल. 'भूमध्य' चालेल: भू, म, ध्य. 'भूमिती'त मात्र भू, मि, ती. सुटा म कुठे आहे? युनिकोडमध्ये म आणि त्याची वेलांटी वेगवेगळ्या साठवलेल्या असतात, म्हणून यंत्राला तो दिसतो. 'क्षत्रिय' हा तीन घरांचा शब्द, यंत्र त्याचे आठ तुकडे मोजते. २०२३ साली आलेल्या युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला. पण साध्या आज्ञावलीत तो आपोआप लागत नाही, लिहिणाऱ्याने तसे सांगावे लागते. तेवढे कष्ट कोण घेणार? इंग्रजीसाठी केलेली आज्ञावली आणायची, आणि बसत नाही म्हणून मराठी शब्दच टाळायचा! टोपी बसेना म्हणून डोके तासण्यातला प्रकार.

असो. त्याहून मोठा प्रश्न, शोधायचे कशात? जालावर जे पुष्कळदा लिहिले गेले तेच वर येते. 'मोट' घ्या. बातम्यांत ती विरोधकांची बांधण्यापुरती उरली आहे. 'थारोळे' घ्या. बातमीतले थारोळे नेहमी रक्ताचे! विहिरीवरची मोट, तिचा नाडा, सोंदूर, बैलांची धाव, मोट रिकामी होई ते थारोळे... अहो, हा एका कोड्याचा भरगच्च विषय आहे. आमच्या या कोरड्या मुलखात म्हातारी माणसे हे शब्द अजून न अडखळता सांगतात. ती गेली की कोणत्या यंत्राला विचारणार?

आणि साधने नाहीत असेही नाही. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघाला. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाने जालावर शोधण्याजोगे करून ठेवले आहेत, तेही फुकट. शिकागोकरांना जे जतन करावेसे वाटले ते आपल्या कोडेकारांना उघडून बघावेसेही वाटत नाही.

यावर हमखास उत्तर येते, की असले शब्द वाचकांना येत नाहीत. मग आडवे-उभे कशासाठी असते? था आणि ळे उभ्या शब्दांतून मिळाले की मधल्या एका घरासाठी नातू आजोबांकडे जाईल की नाही? सूचना हवी असेल तर मी देतो, मानधन नको: 'आज रक्ताचे, पूर्वी पाण्याचे (३)'.