सवलतीची ओवाळणी

दीपावली हा जसा दीपांचा, तसाच देण्याघेण्याचाही उत्सव होय. पाडव्याला पत्नीने पतीस ओवाळावे, भाऊबीजेला बहिणीने भावास ओवाळावे, आणि तबकात यथाशक्ति काही पडावे, ही आपली जुनी रीत. यातील ‘यथाशक्ति’ हा शब्द पूर्वजांनी मोठ्या विचाराने योजला आहे. अलीकडे तबकात नाण्याच्या जागी ‘गिफ्ट कार्ड’ पडू लागले असून ते पुष्कळदा क्रेडिट कार्डावरील सवलतीत घेतलेले असते. या नव्या ओवाळणीचा थोडा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुळशी तालुक्याचेच पाहा. एका अंगाला हिंजवडीची संगणकनगरी, दुसऱ्या अंगाला ताम्हिणीच्या डोंगरातील वाड्या. हिंजवडीत नोकरी करणारा भाऊ सणाच्या आठवड्यात दहा हजारांचे कार्ड नऊ हजारांत घेतो आणि बहिणीच्या हाती देतो. हजार रुपये वाचले, बहिणीचे काही उणे झाले नाही. यात अधर्म कोणता? आमच्या मते, काहीही नाही. काटकसर हा गृहस्थाचा गुणच आहे. प्रश्न निराळाच आहे: ते नऊ हजार त्याचे स्वतःचे होते काय?

क्रेडिट कार्डाचे बिल मुदतीत पूर्ण भरले तर व्याज लागत नाही. परंतु ‘किमान रक्कम’ भरून बाकी पुढे ढकलली, की व्याज खरेदीच्या दिवसापासून धावू लागते. दर महिना शेकडा साडेतीन, म्हणजे वर्षाला बेचाळीस, हा दर आज काही विरळा नव्हे. नऊ हजारांवर महिन्याचे व्याज 315 रुपये, त्यावर 18 टक्के कर धरता सुमारे 372. तीन महिने बाकी राहिली, की वाचलेले हजार रुपये गेले आणि वर शंभराहून अधिक पदरचे गेले. सवलत संपते, देणे संपत नाही.

मनुस्मृतीने तारणाच्या कर्जावर वसिष्ठांनी सांगितलेले जे व्याज ग्राह्य मानले, ते दरमहा शेकडा सव्वा. कौटिल्यानेही सव्वा पणच धर्म्य म्हटला. शिवाय एकावेळी घ्यावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा दंडक होताच. आपल्या काळात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली क्रेडिट कार्डाच्या व्याजास वार्षिक 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द ठरविली. तेव्हा मर्यादा कोणी बाहेरून घालील या भरवशावर न राहता ती गृहस्थाने स्वतःच घालून घेतली पाहिजे.

बलिप्रतिपदेच्या निमित्ताने आम्ही कीर्तनात बळीचे आख्यान लावतो, तेव्हा झारीतील शुक्राचार्यांवर श्रोते मनसोक्त हसतात. परंतु भागवताच्या आठव्या स्कंधात हेच शुक्राचार्य दोन गोष्टी मार्मिक सांगतात. ज्या दानाने दात्याची उपजीविकाच धोक्यात येते, त्या दानाची शहाणे प्रशंसा करीत नाहीत. आणि वित्ताचे पाच वाटे करावेत, धर्म, यश, अर्थ, काम व स्वजन यांसाठी. बळीची गोष्ट वेगळी. त्याने सर्वस्व दिले. पण दिले ते स्वतःचे, उसनवारीचे नव्हे. आपण बळी नव्हे, गृहस्थ आहोत. आपल्याला शुक्राचार्यांचे ऐकावेच लागेल.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना देश, काल आणि पात्र यांचा विवेक सांगितला आहे. तो येथे अक्षरशः लागू पडतो. देश: शहरातल्या झगमगीत दुकानाचे कार्ड घाटातल्या वाडीत राहणाऱ्या बहिणीच्या काय कामाचे? काल: कार्डावरील मुदत वाचली काय? पात्र: तिला हवे आहे ते त्या दुकानात मिळते काय? रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या निर्देशांप्रमाणे अनेक दुकानी चालणाऱ्या गिफ्ट कार्डाची कमाल रक्कम दहा हजार. त्यात पुन्हा भरणा होत नाही, त्यातून रोख काढता येत नाही. एकाच दुकानाने स्वतःपुरते काढलेले कार्ड तर या निर्देशांच्या कक्षेबाहेर. तेथे दुकानदाराच्या अटी याच स्मृती. न वापरलेली शिल्लक दुकानदाराच्याच पदरात राहते, हे विसरू नये.

त्याच अध्यायात परतफेडीच्या आशेने दिलेल्यास राजस म्हटले आहे. ‘कॅशबॅक’साठी जी भेट सुचली, ती कोणत्या वर्गात बसते हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे. भेट आधी ठरावी, सवलत मागाहून पाहावी. क्रम उलटला की नको असलेली वस्तू स्वस्तात घरी येते आणि तिलाच आपण बचत म्हणतो.

तात्पर्य, सवलत जरूर घ्यावी. पण बिलाचे पैसे आधी बाजूस काढून ठेवावेत, अटी वाचाव्यात, कार्डाचा आकडा परक्यास सांगू नये. आणि हे जमण्याजोगे नसेल, तर मुळशीचाच शेरभर आंबेमोहोर तांदूळ रोखीने घेऊन बहिणीच्या ओटीत घालावा. त्याचा वास घरभर दरवळेल, आणि पुढच्या महिन्यात त्याचे बिल दारी येणार नाही. ही दीपावली सर्वांस ऋणमुक्त जावो, हीच प्रार्थना.