खाडीचा जमाखर्च

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस लाँग आयलंड नावाचे लांबट बेट आहे. शिनेकॉक हे तेथील मूळनिवासी. गोऱ्या वसाहतवाल्यांनी १७०३ मध्ये त्यांना त्यांच्याच टेकड्या हजार वर्षांच्या पट्ट्याने दिल्या आणि १८५९ मध्ये तो पट्टाही मोडला! आज त्या टेकड्यांवर गोल्फची मैदाने व बंगले आहेत. शिनेकॉक उरले खाडीकाठच्या सुमारे ८०० एकरांत.

परिसरातील घरांचे शोषखड्डे झिरपतात, हिरवळीचे खत वाहून येते. दोहोंतला नायट्रोजन खाडीत उतरतो व सूक्ष्म शेवाळ माजते. १९८५ पासून तेथील खाड्यांचे पाणी अधूनमधून तपकिरी होऊ लागले. शिंपले मेले, मासेमारी बुडाली.

२०२० मध्ये शिनेकॉक महिलांनी केल्पची शेती आरंभली. केल्प म्हणजे लांब पट्ट्यासारखे समुद्री शेवाळ. काठ वापरू दिला तो शेजारच्या ख्रिस्ती मठातील सिस्टर्सनी. बीज लावलेले दोर थंडीत पाण्यात ताणायचे, गारठ्यात उतरून साफ ठेवायचे, उन्हाळ्याच्या तोंडाशी कापणी. वाढताना केल्प नायट्रोजन शोषून घेतो. मात्र आम्हा कारकुनांना नोंद पुरी लागते: पीक बाहेर काढले तरच तो नायट्रोजन वजा, पाण्यात कुजला तर पुन्हा जमा. म्हणून त्या केल्प वाळवतात व बागांसाठी खत म्हणून विकतात.

या भागात तीन लाखांवर घरे अजून शोषखड्ड्यांवर आहेत. ते दुरुस्त करण्याचे काम मात्र या बायकांचे नव्हे.